आतील झडपा, जॉर्जियन घरांतील

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अठराव्या शतकात व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळावरून ‘जॉर्जियन’ म्हटल्या जाणाऱ्या घरांत, खिडकीच्या काचेआड खोलीच्या बाजूने बसवलेल्या घडीच्या लाकडी झडपा. दिवसा त्या भिंतीच्या जाडीतील पेटीत मिटून राहतात आणि रात्री काचेवर ओढून घेतल्या जातात. लंडन, बाथ, डब्लिन आणि एडिंबरोची न्यू टाउन येथे त्या आजही पाहायला मिळतात. मराठी वाचकाला वाड्याच्या खिडकीची दारे आठवतील. मात्र वाड्याच्या जुन्या खिडकीला तावदान नसे, लाकडी दार लावले की उजेडही बंद होई. जॉर्जियन घरात उजेड आत घेण्याचे काम काचेकडे आणि थंडी, चोर, नजर अडवण्याचे काम झडपेकडे, अशी वाटणी झाली.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये वर-खाली सरकणारी सॅश खिडकी रूढ होऊ लागली. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनमध्ये घरांच्या दर्शनी बाजूच्या लाकडावर बंधने येत गेली. १७०९ च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या बाह्य पृष्ठापासून चार इंच आत घ्यायला लावली, तर १७७४ च्या कायद्याने सरकती सॅश तोलून धरणारी वजने ज्यात लोंबतात ती पेटीही विटांच्या आड गेली. रस्त्यावरून घर सपाट आणि संयत दिसू लागले. सुताराची कारागिरी आतल्या बाजूला बहरली, आणि तिचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे या झडपा.

खिडकीच्या दोन्ही अंगांना भिंतीची आतली कड बहुधा तिरपी ठेवतात. त्यामुळे उजेड खोलीत पसरतो आणि झडपांच्या पेटीला जागाही मिळते. प्रत्येक बाजूची पाने एकमेकांना बिजागऱ्यांनी जोडलेली असतात. मिटल्यावर दर्शनी दिसणारे पान जाड, पॅनेलचे आणि कडेला शोभेची गोलाई काढलेले असते. मागे दडणारी पाने पातळ व साधी. दोन्ही बाजूंची सगळी पाने उलगडली की त्यांची बेरीज खिडकीच्या रुंदीइतकी भरली पाहिजे. म्हणून भिंत पातळ असेल तर पाने अरुंद करावी लागतात आणि घड्या वाढतात. हे गणित घर बांधतानाच सोडवावे लागे, त्यामुळे या झडपांना पडद्यांसारखे नंतर आणलेले सामान समजणे चूक आहे. त्या भिंतीच्याच आराखड्याचा भाग आहेत. अनेक घरांत झडपा मधोमध आडव्या विभागलेल्या असतात. खालचा भाग लावून रस्त्यावरची नजर अडवायची आणि वरून उजेड घ्यायचा, ही सोय त्यातून होते. काही ठिकाणी झडप खिडकीच्या पायथ्याखालून वर सरकते आणि सॅशप्रमाणेच वजनांवर तोलली जाते.

बंद झडपांवर लोखंडी अडसर पडतो. त्याचे एक टोक एका पानावर खिळलेले असते, दुसरे फिरवून समोरच्या पानावरील आकड्यात अडकवतात. काच फोडूनही आत शिरता येऊ नये हा त्यामागचा हेतू. घरमालक गावाला गेला की झडपा दिवसाही बंद ठेवीत, म्हणजे उन्हाने गालिचे व रेशमी कापड विटत नसे. दंगलीची भीती मोठ्यांनाही सुटली नव्हती. १८०३ मध्ये असईला मराठ्यांविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच्या लंडनमधील अ‍ॅप्सली हाउसच्या खिडक्या १८३१ मध्ये, त्याचा विरोध असलेल्या संसदीय सुधारणांच्या समर्थकांनी फोडल्या. त्यानंतर त्याने तिथे लोखंडी झडपा बसवल्या.

झडपांची खरी उपयुक्तता थंडीत कळते. काच आणि लाकूड यांच्यामध्ये हवा कोंडली जाते आणि फटींतून येणारा वारा मंदावतो. हिस्टॉरिक स्कॉटलंड या वारसा जतन करणाऱ्या सरकारी संस्थेसाठी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठात झालेल्या चाचण्यांत (२००८) लाकडी झडपांमुळे एकपदरी काचेच्या खिडकीतून होणारी उष्णतेची गळती ५१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उन्हाळ्यात मात्र त्यांचा प्रभाव मर्यादित असतो, कारण ऊन झडपेपर्यंत पोचते तेव्हा ते काच ओलांडून घरात आलेले असते. ऊन अडवायचे तर झडप काचेबाहेर हवी. उष्ण प्रदेशांत पट्ट्यांच्या झडपा बाहेरून लावतात त्या याच कारणाने.

एकोणिसाव्या शतकात जाड पडद्यांची आवड वाढली. पुष्कळ घरांत झडपा खिळे मारून कायमच्या मिटवल्या गेल्या, रंगाच्या थरांनी चिकटल्या किंवा पेटीवर फळी ठोकली गेली. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी भिंतीतून मूळ झडपा सुस्थितीत निघण्याचे प्रसंग घडतात, आणि अशा झडपा उखडून नव्या लावणे हे मोठे नुकसान आहे. रंगाची कड पातळ पात्याने कापून पाने सोडवता येतात. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासू नये. पाने पुन्हा टांगताना पेटीत मिटताना ती किती जागा घेतात ते आधी तपासावे. रंगाचे जुने थर काढले नाहीत, तर तेवढ्या जाडीनेही घडी बसत नाही.