तुतारीच्या आकाराचा जीव काय ठरवतो?

स्टेंटर रोझेली हा जीव तळ्यातल्या कुजक्या पानांना चिकटून राहतो. जेमतेम मिलिमीटरभर लांब, आकाराने थेट तुतारी. तोंडाभोवतीच्या बारीक केसांनी पाण्यात भोवरा करायचा आणि त्यात सापडेल ते गिळायचं, हा त्याचा संसार. अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी. मेंदू सोडाच, मज्जातंतूसुद्धा नाही.

शंभरेक वर्षांपूर्वी हर्बर्ट जेनिंग्ज या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्या तोंडाशी कार्माइन या लाल रंगाची पूड सोडली. स्टेंटरने आधी नुसतं अंग वाकवलं. पूड येतच राहिली, तेव्हा केस उलटे फिरवून ती बाहेर ढकलली. तेही पुरेना, तेव्हा अंग चोरून घेतलं. शेवटी बुड सोडवून पोहत निघूनच गेला. पूड तीच, जीवही तोच, वागणं मात्र चार तऱ्हांचं.

1967 साली हा प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला आणि फसला. झालं, जेनिंग्जचं निरीक्षण अडगळीत गेलं. गंमत अशी, की या वेळी वापरलेली स्टेंटरची जातच वेगळी होती, एका जागी बसण्यापेक्षा पोहत राहणारी! भाडेकरूच्या जागी भटक्याला आणून ‘हा घर का सोडत नाही’ असं विचारण्यातला प्रकार.

2019 मध्ये हार्वर्डच्या जेरेमी गुणवर्धना यांच्या गटाने मूळ जात मिळवली आणि पुडीऐवजी प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी वापरले. प्रत्येक स्टेंटर अगदी त्याच क्रमाने वागला नाही, पण अनेक नोंदी एकत्र पाहिल्यावर उतरंड स्पष्ट दिसली: सौम्य उपाय आधी, टोकाचे नंतर. आकसायचं की जागा सोडायची, हा शेवटचा कौल मात्र नाणं उडवल्यासारखा, जवळपास निम्मा-निम्मा.

याला बुद्धी म्हणायचं? मला तो शब्द मोठा वाटतो. पण ‘आपोआप’ म्हणूनही सुटका नाही. गिझर ठरलेल्या तापमानाला बंद होतो. काल किती वेळा तापला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. स्टेंटरच्या आत मात्र आधीच्या त्रासाची काहीतरी नोंद राहते. ई. कोलाय जिवाणूतही अशी नोंद असते, रासायनिक आणि काही सेकंदांपुरती. तेवढ्यावर तो अन्नाचं प्रमाण वाढतंय की घटतंय हे ताडतो.

फायसेरम या पिवळ्या स्लाइम मोल्डची (बुरशीसारख्या दिसणाऱ्या बुळबुळीत जिवाची) गोष्ट याहून पुढची. हीही एकच पेशी, फक्त असंख्य केंद्रकांची आणि हातभर पसरू शकणारी. फ्रान्समध्ये ऑड्री दुसुतूर यांनी तिच्या अन्नाच्या वाटेवर कडू क्विनाइन ठेवलं. पहिल्या दिवशी ती बिचकली. पाच-सहा दिवसांत, यात धोका नाही म्हटल्यासारखी बिनदिक्कत जाऊ लागली. दोन दिवस क्विनाइनपासून दूर ठेवलं, तर पुन्हा बिचकली.

पुढे मिठाला सरावलेली फायसेरम नवख्या फायसेरमला जोडली. तीनेक तास जोडून ठेवून वेगळं केलं, तर नवखीही मिठाला बिचकेना. दोघींच्या मध्ये तोवर एक शीर तयार झालेली होती.