ताजा ट्यूना आणि कच्चा खाण्याजोगा ट्यूना

हवाईचे तिखट अही पोके, म्हणजे कच्च्या ट्यूनाच्या तुकड्यांना सॉस आणि मेयोनीज लावून केलेला पदार्थ, घरी कसे करावे हे सांगणाऱ्या पाककृती बहुधा 'अगदी ताजा ट्यूना आणावा' एवढे सांगून थेट मेयोनीजकडे वळतात. तो ताजा मासा कच्चा खाण्याजोगाही आहे का, हा प्रश्न विचारलाच जात नाही. ताजा मासा आणि कच्चा खाण्याजोगा मासा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा घोटाळा पुन्हा पुन्हा वाचून मला आता खरोखर चीड येते.

ताजा मासा ओळखायला मराठी वाचकाला शिकवण्याची गरज नाही. कल्ले लालभडक असावेत, डोळे फुगीर आणि स्वच्छ असावेत, बोटाने दाबले तर खळगा राहू नये, हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. कालवण करायचे असेल किंवा तुकड्या तळायच्या असतील, तर एवढी पारख पुरते.

कच्च्या माशाबाबत लोकांना पहिली भीती वाटते ती कृमींची, आणि तिचा निकाल लवकर लागतो. अमेरिकेच्या अन्नसंहितेनुसार कच्चा वाढायचा मासा उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस ठेवावा, किंवा उणे 35 अंशांना पूर्ण गोठवून त्याच तापमानात 15 तास ठेवावा, म्हणजे कृमी मरतात. घरातला फ्रीझर साधारण उणे 18 अंशांवर चालतो, त्यामुळे हे काम त्याच्यावर सोपवू नये. यलोफिन आणि बिगआय या ज्या दोन जातींना हवाईत अही म्हणतात, त्यांना या नियमातून सूट आहे. आपल्याकडे कुपा किंवा गेदर म्हणून विकला जाणारा लहान ट्यूना मात्र पुष्कळदा वेगळ्याच जातीचा असतो. त्यातल्या ज्या जातीला हवाईत कावाकावा म्हणतात, ती सवलतीच्या यादीत नाही.

खरी गफलत होते ती हिस्टामीन या बाधा करणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत. ट्यूनाच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा मेल्यावर तो ऊबेत राहिला, तर त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले काही जिवाणू वाढू लागतात आणि त्यांच्यातले एक एन्झाइम त्या हिस्टिडीनचे हिस्टामीन करते. त्यात मोठ्या ट्यूनाचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असते आणि गळाला लागल्यावर झुंज देताना ते आणखी तापते. म्हणूनच मासा बोटीवर आल्यापासून त्याच्या गाभ्यापर्यंत गारवा किती लवकर पोहोचला, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. एकदा तयार झालेले हिस्टामीन गोठवून जात नाही, शिजवून जात नाही आणि लिंबू पिळल्यानेही जात नाही. ज्या एन्झाइमने ते तयार केले, ते फ्रिजच्या थंडीतही संथपणे काम करत राहू शकते. हिस्टामीनला वास नसतो, रंग नसतो, आणि कल्ले किंवा डोळे पाहून त्याचा थांग लागत नाही. दुपारी दोन तास उन्हात राहून मग बर्फात ठेवलेला मासा संध्याकाळी ओट्यावर अगदी देखणा दिसू शकतो.

याचा परिणाम आपल्याकडे अपरिचित नाही, फक्त त्याचे कारण लोक चुकीचे लावतात. बांगडा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, ओठ चुरचुरतात, डोके दुखते, अंगावर पित्त उठते आणि घरातले म्हणतात की याला मासा बाधतो. बांगडा ट्यूनाच्याच कुळातला मासा आहे. पुढच्या वेळी नीट थंड ठेवलेला बांगडा खाऊन त्याच माणसाला काहीच झाले नाही, तर ती ॲलर्जी नसून हिस्टामीनची बाधा असण्याची शक्यता मोठी असते. आता तिखट पोकेचा विचार करावा. हिस्टामीन जास्त असलेला मासा कधीकधी जिभेला मिऱ्यासारखा झोंबतो, आणि खाणाऱ्याला मिळणारी इशारत असलीच तर तेवढीच असते. श्रीराचा हा लाल मिरचीचा तिखट सॉस घातल्यावर ती इशारतही झाकली जाते. त्यामुळे मसाला लावायचाच आहे, मग मासा थोडा इकडचा तिकडचा चालेल, हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. सॉस कालवण्यापूर्वी माशाचा एक कोरा तुकडा चाखून पाहावा आणि तो चुरचुरला तर सगळा मासा निःशंकपणे टाकून द्यावा. मात्र तो चुरचुरला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण झोंबणे हे प्रत्येक वेळी जाणवतेच असे नाही.

रंगावर भरवसा ठेवण्याची सवयही अशीच सोडून द्यावी लागते. कार्बन मोनॉक्साइड दिलेला ट्यूना दिवसेंदिवस लालगुलाबी राहतो आणि अमेरिकेत तो सर्रास विकला जातो, तर युरोपीय संघाने ही प्रक्रिया नेमकी याच कारणासाठी वर्ज्य केली आहे. उलट, उत्तम राखलेला मासाही हवेने थोडा तपकिरी पडतो. वेष्टनावरच्या 'साशिमी ग्रेड', म्हणजे कच्चा खाण्याच्या दर्जाचा, या शिक्क्याला अमेरिकेत कायदेशीर व्याख्या नाही, म्हणून विक्रेत्याला थेट विचारावे: मासा पकडल्यावर कसा थंड केला, कधी गोठवला, आणि वाटेत एकदाही वितळला होता का? होनोलुलूच्या लिलावात प्रत्येक मासा वेगळा विकला जातो आणि खरेदीदार शेपटीजवळचा छेद पाहून बोली लावतात. हवाईतल्या दुकानांत पोकेवर ताजे आणि आधी गोठवलेले असे वेगळे लिहिलेले असते आणि गोठवलेले स्वस्त मिळते. न्यू जर्सीत किंवा पुण्यात राहणाऱ्याने त्यात कमीपणा मानू नये. पकडल्यावर लगेच थंड करून खोल गोठवलेला आणि इतिहास ठाऊक असलेला ट्यूना हा बाजारातल्या चकचकीत पण अनोळखी कुप्यापेक्षा पोकेसाठी कधीही बरा.

पुढची कृती सोपी आहे. गोठवलेल्या माशाचे हवाबंद वेष्टन उघडावे, मासा कागदी रुमालात गुंडाळावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये, तळाच्या कप्प्यात, वितळू द्यावा. नळाखाली तो धुऊ नये, कारण त्याने मांस पाणचट होते. धारदार सुरीने दीड ते दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करावेत. खिम्यासारखे बारीक केलेले मांस सुशीच्या गुंडाळीत शोभते, पोकेत नाही. अर्धा किलो माशाला तीन मोठे चमचे जपानी मेयोनीज, एक ते दीड मोठा चमचा श्रीराचा, एक लहान चमचा तिळाचे तेल, तेवढाच सोया सॉस, चिरलेली कांद्याची पात आणि मिळाली तर एक मोठा चमचा टोबिको ही उडत्या माशाची नारिंगी अंडी पुरतात. मेयोनीजने तुकड्यांवर पातळ लेप बसावा, ते त्यात पोहू नयेत. आंबा, अननस आणि मक्याचे दाणे यांना माझा ठाम विरोध आहे. ज्यांना मेयोनीज नको, त्यांनी मीठ, समुद्री शेवाळ लिमू आणि कुकुई झाडाच्या भाजलेल्या बियांचा इनामोना हा मसाला एवढ्यावर होणारे जुने हवाईयन पोके करावे. माझ्या मते तेच अधिक चवदार असते, पण त्यात माशाचा कोणताच दोष लपत नाही.

कालवण्याचे भांडे आधी फ्रिजमध्ये थंड करून घ्यावे, पोके वाढण्याच्या अगदी आधी कालवावे आणि गरम भातावर घालून लगेच खावे. उरलेले पोके तडक फ्रिजमध्ये गेले असेल, तर दुसऱ्या दिवशी ते तव्यावर परतून खाता येते आणि हवाईतही ते असे परतून खातात. ते दोन तास टेबलावरच राहिले असेल, तर परतूनही उपयोग नाही, टाकून द्यावे.