हत्ती म्हणजे कापूस

टिळकवाडीतली माझी पुतणी परवा रडकुंडीला आली होती. शाळेच्या हजेरीचा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिताना तिनं इयत्तेला 'क्लास' हे नाव दिलं आणि पायथन अडून बसला. "काका, स्पेलिंग बरोबर आहे की!" होतंच बरोबर. पण 'क्लास' पायथननं स्वतःसाठी राखून ठेवलाय. असे 35 शब्द आहेत.

ते ओळखण्याची रीत मला फार आवडते. आपण लिहिलेलं वाचणारा पायथनचा प्रोग्राम एकेक अक्षर गिळत जातो. 'शेतकरी' वाचताना आपण 'शेत'पाशी थांबत नाही, तसा 'इनपुट' वाचताना तोही 'इन' या राखीव शब्दापाशी थांबत नाही. अख्खा शब्द हाती आला की यादीशी ताडतो. सापडला तर राखीव, नाहीतर तुम्ही ठेवलेलं नाव. अर्थाशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून 'क्लास'मागं एक अंडरस्कोर (_) चिकटवला की काम भागतं. यादी वाढतेही. 2018 मध्ये पायथनच्या 3.7 या आवृत्तीनं 'असिंक' राखून ठेवला आणि ते नाव वापरणारे जुने प्रोग्राम मोडले. खंडेनवमीला कॉम्प्युटरला झेंडूचा हार खुशाल घाला, असली चूक त्यानं निघत नाही.

फोरट्रान या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत मात्र राखीव शब्दच नाहीत, जागेवरून अर्थ ठरतो. आपल्या बेळगावच्या बाजारासारखं. कन्नडमध्ये 'हत्ती' म्हणजे कापूस, पण पोत्यात हत्ती कसा मावला असं इथं कुणी विचारत नाही.

प्रोग्रामची माहितीपत्रकं तयार करणाऱ्या साधनांपुढं पेच याहून अवघड. तिथं शब्द वापरायचा नसतो, त्याच्याविषयी बोलायचं असतं. जावा भाषेसाठीच्या जावाडॉक या साधनाच्या टिपणात ओळीच्या सुरुवातीला @ लावून 'ओव्हरराइड' लिहा, ते साधन त्याला हुकूम समजतं आणि 'हा टॅग अनोळखी' म्हणून कुरकुरतं. मग महिरपी कंसात 'लिटरल' हा टॅग घालून सांगावं लागतं, बाबा, हे नुसतं चिन्ह आहे. डॉक्सिजन या असल्याच दुसऱ्या साधनाची खोड वेगळी. प्रोग्राममधल्या एखाद्या क्लासचं, म्हणजे साच्याचं, नाव 'मेंबर' असेल, तर माहितीत कॅपिटल अक्षरानं आलेल्या प्रत्येक 'मेंबर'ची तो लिंक करून टाकतो. ती नको असेल तर शब्दाआधी % लावायचं.

पुतणीनं शेवटी 'इयत्ता' असंच नाव दिलं, चक्क देवनागरीत. पायथन 3 ला ते चालतं. शेजारच्या मैत्रिणीनं कन्नड लिपीत 'तरगती' लिहून पाहिलं. तेही चाललं.