‘लेडी बम्प’ ते रक्षक आत्मे: पेनी मॅकलेन आणि तिचं म्युनिक

१९७५ सरताना अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एक गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. फ्लाय, रॉबिन, अप, टू, द, स्काय. एवढे सहाच शब्द, तेच पुन्हा पुन्हा. आपल्याकडे आरतीचं ध्रुपदसुद्धा याहून मोठं असतं. गाणाऱ्या गटाचं नाव सिल्व्हर कन्व्हेन्शन, गाव म्युनिक. त्या गटाचा चेहरा असलेल्या तिघींपैकी एक पेनी मॅकलेन. दहा-बारा वर्षांनी ती जर्मन वाचकांना रक्षक आत्म्यांशी बोलायचं कसं, हे शिकवणारी पुस्तकं लिहीत होती. पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं. पण त्या काळचं म्युनिक थोडं जवळून पाहिलं की ही उडी वाटते तेवढी लांब राहत नाही.

पेनी मूळची ऑस्ट्रियाची, क्लागेनफुर्टची. खरं नाव गर्ट्रूड विरशिंगर. या नावावर डिस्कोच्या तबकड्या खपल्या नसत्या, म्हणून इंग्रजी वळणाचं नाव. तेव्हाच्या म्युनिकमध्ये हा रिवाजच होता. गाणी जर्मनीत घडायची, पण कानाला अमेरिकन वाटली पाहिजेत. इटलीतल्या दक्षिण टिरोलहून आलेला संगीतकार जॉर्जिओ मोरोडर त्याच शहरात डोना समर या अमेरिकन गायिकेकडून सतरा मिनिटांचं गाणं गाऊन घेत होता. सिल्व्हर कन्व्हेन्शनच्या मागे दोन डोकी होती, गीतकार मिखाएल कुन्झं आणि संगीतकार सिल्व्हेस्टर लेव्हाय. गटाच्या नावातलं ‘सिल्व्हर’ हे लेव्हायचंच टोपणनाव. आधी स्टुडिओत आवाज गोळा झाले, गाणी चालायला लागल्यावर मंचासाठी माणसं शोधली गेली. पेनी, लिंडा थॉम्पसन आणि रमोना वुल्फ अशा एकत्र आल्या.

त्या सहा शब्दांच्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, तेही वाद्यसंगीताच्या वर्गात. गायिका असून नसल्यासारख्या! (अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली ही पहिली जर्मन तबकडी, असं अनेक ठिकाणी छापलं जातं. ते चूक आहे. बर्ट केम्पफर्टची वाद्यरचना १९६१मध्येच तिथे पोचली होती.)

पेनीची स्वतःची ओळख मात्र ‘लेडी बम्प’मुळे. तेही १९७५चंच. बम्प म्हणजे जोडीदारानं तालावर एकमेकांच्या कमरेला कंबर आपटायची, एवढाच नाच. जर्मनीत गाणं पहिलं आलं, अमेरिकेच्या डिस्को यादीतही वर चढलं. मग १९७७मध्ये लंडनला झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत सिल्व्हर कन्व्हेन्शननं पश्चिम जर्मनीतर्फे ‘टेलिग्राम’ हे गाणं गायलं. लिंडाच्या जागी तोवर ऱ्होंडा हीथ आली होती. त्या वर्षी आपापल्या भाषेतच गायचा नियम परत आला होता, पण जर्मनीचं गाणं आधीच ठरलेलं असल्यानं इंग्रजीला सूट मिळाली. क्रमांक आठवा.

पुढे डिस्कोच्या विरोधात लाट आली. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटकं लावून उडवली गेली, प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्या दिवशीचा दुसरा सामना सोडून द्यावा लागला. अंकशास्त्राची हौस असलेल्यांसाठी: त्या तारखेची बेरीज ३६, म्हणजे ९. हस्तरेखा आणि अंकशास्त्रावर लिहिणाऱ्या कीरोच्या हिशेबात ९ हा मंगळाचा, भांडणाचा आकडा. जुळवायचं म्हटलं की जुळतं.

पेनीच्या नव्या वाटेवर हे आकडेच होते. अंकशास्त्र, पुनर्जन्म, रक्षक आत्मे हे तिच्या पुस्तकांचे विषय. यातलं काही तिनं शोधलेलं नव्हतं. ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या कॅथलिक घरांत प्रत्येकाला एक रक्षक देवदूत असतो ही श्रद्धा पोराला दुधाबरोबर मिळते. २ ऑक्टोबर हा त्यांचा सणच आहे. त्यावर थिऑसॉफीचा, म्हणजे पूर्व-पश्चिमेच्या गूढविद्या एकत्र आणणाऱ्या चळवळीचा, थर चढलेला. त्या चळवळीच्या जर्मन शाखेचं काम रुडॉल्फ स्टायनरनं १९०२पासून पाहिलं आणि दहा-अकरा वर्षांनी वेगळी चूल मांडली. कीरो तर आपल्या अगदी शेजारचा निघतो. हा आयरिश माणूस मुंबईत अपोलो बंदरावर उतरला, तिथे भेटलेल्या ब्राह्मणानं त्याला कोकणातल्या आपल्या गावी नेलं आणि तिथे विद्या मिळाली, असं तो स्वतः सांगतो. खरं किती, ते त्यालाच ठाऊक.

सत्तरीच्या दशकाअखेर या सगळ्याला बाजार मिळाला आणि त्याचा मोठा अड्डा म्युनिकच होता. गोल्डमान, हायनं, क्नाउर हे खिशात मावणाऱ्या पुस्तकांचे बडे प्रकाशक तिथलेच. थोर्वाल्ड डेथलेफ्सन हा मानसशास्त्रज्ञ तिथेच लोकांना संमोहनातून मागच्या जन्मात नेत होता. नशिबावरचं त्याचं पुस्तक १९७९चं, आजार हीच वाट असं सांगणारं १९८३चं, सहलेखक डॉक्टर रुडिगर डालकं. जर्मन तरुणांची दुसरी रांग पुण्याला, कोरेगाव पार्कात रजनीशांच्या आश्रमात लागली होती. तिथून परतलेल्या संन्याशांनी ऐंशीच्या दशकात कोलोनसारख्या शहरांत चक्क डिस्को चालवले, नाव ‘झोर्बा द बुद्ध’. पेनीची वाट ही नव्हती, तिच्याकडे गुरू आणि गेरू दोन्ही नाहीत. पण नाच आणि अध्यात्म एकाच रस्त्यावर भेटत होते, ते असे.

तिच्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘तुझ्या रक्षक आत्म्याशी संपर्क’ असा होतो. यातलं ‘तुझ्या’ महत्त्वाचं. जर्मन भाषेत आपल्यासारखंच तू आणि तुम्ही वेगळं आहे, आणि त्या काळी अनोळखी वाचकाला छापील पुस्तकातून अरे-तुरे करणं जरा धाडसाचंच. आपण विठ्ठलाला अरे म्हणतो, तशी ही जवळीक. मला वाटतं, तिच्या खपाचं अर्धं गुपित या एकेरीत आहे. पडद्यावरची ओळखीची बाई शेजारी बसून बोलते आहे, असा भास होतो. बाकीच्या अर्ध्याबद्दल माझं मत सांगायचं तर, आकडे आणि आत्म्यांचा दावा तपासून पाहायची कुठलीच सोय ती पुस्तकं देत नाहीत.

गंमत म्हणजे तिला गाणी देणारेही डिस्कोत थांबले नाहीत. कुन्झं कायद्याचा डॉक्टर. त्यानं १६००मध्ये म्युनिकमध्ये चेटकीण ठरवून जाळलेल्या एका कुटुंबाच्या खटल्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. पुढे लेव्हायबरोबर ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिच्यावर संगीतिका केली. १९९२मध्ये ती व्हिएन्नात रंगमंचावर आली, आणि तिच्यात राणीचा प्रियकर म्हणून उभा आहे साक्षात मृत्यू.