'आहे'साठी इटालियनमध्ये काय म्हणायचं?

'पुस्तक टेबलावर आहे' आणि 'टेबलावर पुस्तक आहे'. शब्द तेच, पण पहिल्या वाक्यातलं पुस्तक ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, ते कुठे आहे एवढंच सांगायचं असतं. दुसऱ्यात पुस्तक असणं हीच नवी माहिती. मराठीत शब्दांची जागा बदलली की काम झालं. इटालियनला तेवढं पुरत नाही. पहिल्यासाठी 'इल लिब्रो ए सुल ताव्होलो', दुसऱ्यासाठी 'चे उन लिब्रो सुल ताव्होलो'. आपल्याकडचे विद्यार्थी दोन्हीकडे नुसता 'ए' वापरतात, आणि तिथेच वाक्य फसतं.

'चे' म्हणजे 'ची' अधिक 'ए'; च 'चेहरा'तला. 'ची' म्हणजे 'इथे, तिथे'. पण 'चे तेम्पो' (वेळ आहे) म्हणताना त्यात जागेचा मागमूसही उरत नाही. फ्रेंचमधला 'इल या' एका वस्तूला आणि शंभर वस्तूंना तसाच चालतो. इटालियन क्रियापद मात्र वस्तूचं वचन पाळतं: 'ची सोनो दुए लिब्री', दोन पुस्तकं आहेत. बोलण्याच्या ओघात इटालियन लोकही अनेकवचनाला 'चे' लावून जातात. लिहिताना ती चूकच.

भूतकाळात मराठी माणसाचं काम सोपं आहे. बहुतेकदा 'होतं' तिथे 'चेरा', 'झालं' तिथे 'चे स्तातो'. आपलं 'आटपाट नगर होतं', तसं त्यांच्या गोष्टींचं 'चेरा उना व्होल्ता'. भूकंप झाला: 'चे स्तातो उन तेर्रेमोतो'. पार्टी स्त्रीलिंगी, म्हणून 'चे स्ताता उना फेस्ता'. हा 'स्तातो' मुळात 'स्तारे' या दुसऱ्याच क्रियापदाचा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उभं राहणं, आणि संस्कृत 'स्था' त्याचं सख्खं भावंड! नेपल्सच्या बोलीत तर 'चे'ऐवजी सरळ 'चे स्ता' म्हणतात.

'भुतं असतात का?' इथे प्रश्न मुळात अस्तित्वाचा, म्हणून 'एसिस्तोनो इ फांतास्मी?' फ्रिजमधल्या दुधासाठी हे क्रियापद वापरू नये, तिथे 'चे'च हवा.

सगळ्यात मोठा चकवा 'मला दोन भाऊ आहेत' या वाक्यात आहे. 'आहेत' ऐकून 'ची सोनो दुए फ्रातेल्ली' म्हटलं, तर समोरच्याला वाटेल की इथे कुणीतरी दोन भाऊ आले आहेत. नातं किंवा मालकी सांगायला 'आव्हेरे' हे क्रियापद लागतं: 'ओ दुए फ्रातेल्ली'.