उष्णतेत न विरघळणारे पटल

समुद्रतळावरच्या उष्णजलीय विवरांविषयी, म्हणजे तळातून तापलेले पाणी बाहेर पडते त्या भेगांविषयी, लिहिताना 'तेथील जीवाणू ३५० अंशांच्या उकळत्या पाण्यात राहतात' असे विधान वारंवार केले जाते, आणि ते चुकीचे आहे. पूर्व प्रशांत कटकावर (प्रशांत महासागराच्या तळावरील एका डोंगररांगेवर) अडीच किलोमीटर खोलीवरील, धुराड्यासारख्या उभ्या चिमण्यांतून सुमारे ३५० अंश सेल्सिअसचे पाणी बाहेर पडते हे खरे. तेथे सुमारे २५० वातावरणांचा दाब असल्याने ते उकळतही नाही. पण भोवतालचा समुद्र जेमतेम २ अंशांचा असतो. त्यामुळे चिमणीच्या सच्छिद्र भिंतीत आतून बाहेर येताना तापमान झपाट्याने उतरत जाते, आणि प्रत्येक सूक्ष्मजीव त्या उतारावर आपल्याला सोसेल त्याच पट्ट्यात वस्ती करतो.

मिथॅनोकाल्डोकॉकस जॅनाशाय हा असाच एक रहिवासी. १९८२ साली 'अल्विन' पाणबुडीने याच कटकावर, २६०० मीटर खोलीवर घेतलेल्या नमुन्यातून तो मिळाला. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवून तो ऊर्जा मिळवतो आणि ८५ अंशांच्या आसपास सर्वाधिक जोमाने वाढतो. काटेकोर वर्गीकरणात तो जीवाणू नसून आर्किया या वेगळ्या गटातला आहे.

त्याचे पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण, हा मला या साऱ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. आपल्या पेशींच्या पटलात मेदाम्लांच्या साखळ्या ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेल्या असतात. त्या बंधातील कार्बनला दुहेरी बंधाने आणखी एक ऑक्सिजन जोडलेला असल्याने तेथे पाण्याच्या रेणूला हल्ला करण्यास जागा मिळते आणि तापमान वाढले की बंध तुटू लागतो. आर्कियांमध्ये त्या जागी ईथर बंध असतो आणि त्यात अशी दुबळी जागाच नसते. शिवाय आपले पटल दोन थरांचे असते. तापल्यावर ते सैल होऊन त्यातून आयन (विद्युतभारित कण) झिरपू लागतात आणि आयनांच्या ज्या फरकावर पेशीची ऊर्जानिर्मिती चालते तो फरकच नाहीसा होतो. जॅनाशायच्या पटलात मात्र समोरासमोरच्या २० कार्बनांच्या साखळ्या टोकाशी जोडून ४० कार्बनांचे रेणूही बनलेले असतात, आणि गोधडीचे टाके जसे दोन्ही कापडांतून आरपार जातात तसे ते पटल आरपार बांधून ठेवतात. वाढीचे तापमान चढवत नेले की अशा रेणूंचे प्रमाणही वाढते.

'उष्णताप्रेमी सूक्ष्मजीवांचा अर्क' घातलेली सौंदर्यप्रसाधने बाजारात मिळतात. परंतु अशा सूक्ष्मजीवाची ही सहनशक्ती त्याच्या जिवंत पेशीच्या रचनेत असते, ती लेपातून त्वचेत उतरत नाही.

या रचनेलाही मर्यादा आहेच, कारण पटल टिकले तरी एटीपीसारखे ऊर्जावाहक रेणू अतितापमानात भराभर तुटतात. हिंदी महासागरातील कैरेई विवरक्षेत्रातून मिळालेल्या मिथॅनोपायरस कँडलेरी या दुसऱ्या उष्णताप्रेमी आर्कियाच्या एका वाणाची वाढ कमी दाबाखाली ११६ अंशांपर्यंतच झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात सुमारे २०० वातावरणांच्या दाबाखाली ती १२२ अंशांपर्यंत नोंदवली गेली.