ठिपक्याने सुरू होणारे फोल्डर डिलीट करू नका
(आमच्याकडून लिनक्स मिंट बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून जुन्या मशीनवर मिंट टाकून घेणारे वाढले. मशीन चांगली चालतात. पण एक फोन वारंवार येतो: "काल सगळं ठीक होतं, आज पासवर्ड गेले, मराठी टायपिंग गेलं, खालची पट्टीही बदलली."

होतं असं. राइटरमध्ये, म्हणजे मजकूर टाइप करायच्या प्रोग्राममध्ये, शब्द शोधून बदलायला आपण कंट्रोल-एच दाबतो. फाइल मॅनेजर, म्हणजे निमो, समोर उघडा असताना तीच बटणं दाबली गेली की लपवलेल्या फाइली दिसू लागतात. एरवी होममध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स एवढंच असतं. तिथे अचानक डॉट-कॉन्फिग (.config), डॉट-मोझिला, डॉट-लोकल अशी नावं येतात आणि व्हायरस शिरला असं वाटतं. अर्ज टाइप करून देणाऱ्या एका ताईंनी ही सगळी नावं निवडून शिफ्ट-डिलीट केली, म्हणजे ट्रॅशमध्ये न जाता ती थेट पुसली गेली. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्स नवं बसवल्यासारखं स्वागताचं पान दाखवत होतं, आणि बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं.

तो कचरा नाही. तुमचा वॉलपेपर, पॅनेल (खालची पट्टी), मराठी कीबोर्ड, निमोची मांडणी यांच्या सेटिंग डॉट-कॉन्फिगमध्ये असतात. फायरफॉक्सचे पासवर्ड आणि बुकमार्क डॉट-मोझिलामध्ये. जागा कमी पडत असेल तर डॉट-कॅश (तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर) रिकामा केला तरी चालतो, बाकीच्यांना हात लावू नका. पुन्हा कंट्रोल-एच दाबा, नावं दिसेनाशी होतील. बस, एवढंच करायचं आहे.

चुकून डिलीट झालंच, तर मशीन बंद करू नका. साधं डिलीट केलं असेल तर ट्रॅश उघडा, राइट क्लिक करून रिस्टोअर करा. मशीन एकदा बंद करून चालू केली असेल, तर त्याच नावाचे नवे फोल्डर तयार झालेले असतात, त्यात जुनं-नवं मिसळतं. मग ट्रॅश रिकामा न करता आम्हाला फोन करा.

"टाइमशिफ्ट आहे ना, परत आणा," असं बरेच जण म्हणतात. टाइमशिफ्ट हा मशीन आधीच्या स्थितीत परत आणणारा प्रोग्राम. तो मुळात सिस्टीम जपतो, होम फोल्डर वगळतो. आम्ही मशीन देताना त्यात होममधल्या लपवलेल्या फाइली घेण्याचा पर्याय चालू करून देतो. आमचं काम अर्धा तास जास्त चालतं ते यासाठीच, आणि ताईंचे पासवर्ड परत मिळाले तेही त्यामुळेच. दुसरीकडे मिंट बसवलं असेल तर मशीन घेऊन या, हे सेटिंग आम्ही विनामूल्य तपासून देतो. तुमची कागदपत्रं आणि फोटो मात्र टाइमशिफ्टमध्ये येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवा. वार्षिक देखभालीत तो आम्ही दर तीन महिन्यांनी घेतो.

बाकीच्या तीन तक्रारी घरीच सुटतात. विंडोची वरची पट्टी स्क्रीनबाहेर गेली, तर ऑल्ट दाबून धरा आणि विंडो कुठूनही माउसने खाली ओढा. छोट्या लॅपटॉपवर हे नेहमी होतं. एखाद्या फोल्डरमध्ये यादीऐवजी मोठे आयकॉन दिसू लागले तर कंट्रोल-२ दाबा. बाजूची पट्टी नाहीशी झाली तर एफ-९.

फोन करताना शेवटी कुठलं बटण दाबलं ते आठवून सांगा. चूक झाली असेल तरी सांगा, त्यावर आम्ही कधी रागावलेलो नाही.